परदेशातून नवी गाडी मागवली तर खरंच स्वस्त पडते का?

२७ जानेवारी २०२६ ला भारत आणि युरोपियन युनियन यांच्यातल्या व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि त्या बातमीत एक ओळ होती, की युरोपात बनलेल्या गाड्यांवरची ड्युटी ११० टक्क्यांवरून हळूहळू १० टक्क्यांपर्यंत खाली येणार. झालं, प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक तरी काका जागे झाले. जर्मनीत गाडी एवढ्याला मिळते, आपल्याकडे तीच दुप्पट, मग थेट तिकडूनच का नाही मागवायची, आपला अमुक तमुक तिकडेच तर असतो. दुबईवाल्यांचं तर हे कायमचंच, सुट्टीला आले की लँड क्रूझरची तिकडची किंमत ऐकवल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. आणि ते खोटं बोलतात असंही नाही. लँड क्रूझर ३०० आपल्याकडे दोन कोटींच्या वर आहे, दुबईत त्याच्या निम्म्यापेक्षा कमी.

म्हणजे फरक खरा आहे. प्रश्न एवढाच आहे की तो फरक कशाचा आहे, आणि तुम्ही स्वतः गाडी आणली तर तो तुमच्या खिशात राहतो का. राहत नाही. का राहत नाही ते नीट बघू, कारण "सरकार टॅक्स लावतं" हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं जास्त गमतीचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी साधा हिशोब

कस्टम्सवाले ड्युटी लावतात ती गाडीची किंमत, तिचा प्रवासातला विमा आणि जहाजाचं भाडं या तिघांच्या बेरजेवर. या बेरजेला सीआयएफ म्हणतात. एवढा एकच शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

समजा जपानमध्ये एक पेट्रोल एसयूव्ही आपल्या २५ लाख रुपयांना मिळते आणि भाडं-विमा मिळून २ लाख धरले, तर सीआयएफ झाली २७ लाख. त्यावर कस्टम ड्युटी ७० टक्के, म्हणजे १८ लाख ९० हजार. आता गाडी झाली ४५ लाख ९० हजारांची. इथे लोक थांबतात आणि म्हणतात ठीक आहे, चालतंय. पण अजून जीएसटी बाकी आहे, आणि तो २७ लाखांवर लागत नाही, ड्युटीसकट झालेल्या ४५.९ लाखांवर लागतो. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या सोडून बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरळ ४० टक्के जीएसटी आहे, सेस वगैरे गेला. तर ४० टक्क्यांचे झाले १८.३६ लाख, आणि गाडी न्हावा शेवाच्या गेटाबाहेर पडली ६४ लाख २६ हजारांना.

मग आरटीओ. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या साध्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के रोड टॅक्स आहे, पण इंपोर्ट केलेल्या गाडीला सरसकट २० टक्के. तो धरला तर आणखी १२.८५ लाख. एकूण ७७ लाख. इन्शुरन्स, कस्टम्सच्या एजंटची फी, बंदरात गाडी पडून राहिली तर त्याचं भाडं, हे सगळं वेगळं. २५ लाखांची गाडी ७७ लाखांना. तिप्पट.

४० हजार डॉलरची रेघ

वर ७० टक्के धरले ते स्वस्त गाडीसाठी. सीआयएफ ४० हजार डॉलरच्या वर गेली, किंवा पेट्रोल इंजिन ३००० सीसीच्या वर, डिझेल २५०० सीसीच्या वर असेल, तर ड्युटी ७० नाही ११० टक्के. २०२५ च्या बजेटमध्ये "महागड्या गाड्यांची ड्युटी कमी केली" अशा हेडलाइन आल्या होत्या, त्या वाचून बरेच जण खुश झाले. प्रत्यक्षात कस्टम ड्युटी ७० वर आणली आणि वर ४० टक्क्यांचा कृषी सेस बसवला, बेरीज ११० ची ११०. या खिशातून त्या खिशात.

या रेघेची गंमत बघा. डॉलर सोपा म्हणून ९० रुपये धरू. एका गाडीची सीआयएफ ३९,९०० डॉलर, दुसरीची ४०,१००. दोन्हींत फरक २०० डॉलरचा, म्हणजे १८ हजार रुपये. पहिली ड्युटी आणि जीएसटी भरून पडते साधारण ८५.५ लाखांना, दुसरी १ कोटी ६ लाखांना. १८ हजारांच्या फरकापायी वीस लाख! म्हणून कंपन्या कुठलं व्हेरिएंट भारतात आणायचं हे ठरवताना या रेघेकडे डोळे लावून बसलेल्या असतात.

टेस्लाचंच घ्या. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून. अमेरिकेत तीच गाडी तेव्हा ४४,९९० डॉलरपासून होती, म्हणजे ३८-३९ लाख. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी फक्त ५ टक्के, त्यामुळे इथे खरा भार ड्युटीचाच. आता ५९.८९ मधून आधी ५ टक्के आणि मग ७० टक्के उलटे काढत गेलं तर आकडा येतो साडेतेहतीस लाखांच्या आसपास, तेव्हाच्या भावाने साधारण ३९ हजार डॉलर. रेघेच्या बरोबर अलीकडे. हा मी घरबसल्या केलेला उलटा हिशोब आहे, कंपनीने सांगितलेला नाही, पण योगायोग फारच सोयीचा आहे.

आणि इथे एक गोष्ट नीट बघा. अमेरिकेतली ग्राहकाची किंमत ३८-३९ लाख आणि आपल्याकडे ड्युटी ज्यावर लागली ती फार तर साडेतेहतीस. एकच गाडी, दोन किमती. ही गाडी शांघायच्या कारखान्यातून येते हे एक कारण झालं, पण दुसरं कारण मोठं आहे.

"पण कंपनीलाही ड्युटी लागतेच ना, मग तिला कसं परवडतं?"

हाच तो न सांगितला जाणारा भाग. ड्युटी टक्क्यात असते, आणि टक्का कशाचा हे महत्त्वाचं असतं. कंपनी जेव्हा स्वतःच्याच भारतातल्या शाखेला गाडी पाठवते तेव्हा ती शोरूमच्या किमतीला पाठवत नाही. तिकडच्या डीलरचं मार्जिन, तिकडची जाहिरात, तिकडचा व्हॅट, यातलं काहीच त्या किमतीत नसतं. तुम्ही मात्र शोरूममध्ये जाऊन गिऱ्हाईक म्हणून घेणार, म्हणजे हे सगळं तुमच्या बिलात आलं. व्हॅट एक वेळ निर्यात केल्याबद्दल परत मिळेल, बाकीचं नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूसच्या पेट्या उचलणारा आणि कोथरूडला कोपऱ्यावर डझनाने घेणारा, दोघांना सारखाच १०० टक्के कर लावला तर कोपऱ्यावरच्या माणसाचा नुसता आंबाच महाग पडत नाही, दुकानदाराच्या नफ्यावर आणि दुकानाच्या भाड्यावरसुद्धा तो १०० टक्के कर भरतो. गाडीचं अगदी तसंच आहे, फक्त शून्य जास्त.

खरं उदाहरण घेऊ. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये भारतात आली, पूर्ण बनलेली, जर्मनीहून, मोजक्याच. एक्स-शोरूम ५३ लाख. तेव्हा सेस होता, या साइजच्या गाडीला जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के, आणि ड्युटी ७० टक्के. ५३ लाखांतून हे दोन्ही उलटे काढले तर उरतात २१ लाख. त्यातही इथल्या डीलरचं मार्जिन आहेच, म्हणजे ज्या किमतीवर ड्युटी बसली ती त्याहूनही कमी असणार. आणि जर्मनीत हीच गाडी ग्राहकाला ४० हजार युरोच्या वर. ४० हजारच धरू, त्यातून १९ टक्के व्हॅट काढू, युरो ९५ रुपये, आले जवळजवळ ३२ लाख. भाडं-विमा २ लाख. त्या ३४ लाखांवर तीच ड्युटी आणि तोच टॅक्स लावा: ८५ लाख.

कंपनीची ५३ ला, तुमची ८५ ला. गाडी तीच. आणि तुमच्या गाडीला इथल्या कंपनीची वॉरंटी पण नाही.

आता कुणीतरी म्हणेल की ही कंपनीची चलाखी झाली, आपल्याच शाखेला कमी भावात विकायचं. कस्टम्सला हे माहीत आहे, त्यासाठी त्यांचा स्पेशल व्हॅल्युएशन ब्रँच नावाचा खास विभागच आहे, नात्यातल्या कंपन्यांनी एकमेकांना लावलेली किंमत योग्य आहे का ते तो बघतो. पण घाऊक किंमत किरकोळीपेक्षा कमी असणं हा गुन्हा नाही, जगभर असंच असतं. तुम्ही मात्र बिलावर किंमत कमी लिहून घेतलीत तर तो गुन्हा आहे, आणि महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय, नेमकं हेच शोधत असतं.

"बरं, ड्युटी भरतो. गाडी तरी येईल ना?"

दुबईवाल्या काकांसाठी वाईट बातमी इथे आहे. भारतात आणायची गाडी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेलीच लागते. नियमच आहे. दुबईत, सौदीत, कतारमध्ये, अमेरिकेत, जर्मनीत, सगळीकडे स्टिअरिंग डावीकडे. विषय तिथेच संपला. तरी दर वर्षी नव्याने सुरू होतो.

मग उरले कोण? ब्रिटन, जपान, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. युरोपियन युनियनमध्ये बघायचं तर आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस, बस. पुढची अट, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये पाहिजे, आणि ब्रिटनमध्ये तो मैलात असतो. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा पाहिजे. गाडी उतरवायची ती पण ठराविक बंदरातच, न्हावा शेवा, मुंबई, चेन्नई, कोलकाता वगैरे.

हे जमवलं तरी सगळ्यात जड अट पुढे आहे. कुठलंही मॉडेल आपल्या रस्त्यावर यायच्या आधी सरकारमान्य संस्थेकडून पास करून घ्यावं लागतं. ब्रेक, धूर, दिवे, आवाज, धडक, सगळ्याची टेस्ट. याला होमोलोगेशन म्हणतात, आणि हे काम करणाऱ्या ज्या मोजक्या संस्था देशात आहेत त्यातली एआरएआय आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर आहे आणि व्हीआरडीई अहिल्यानगरला. कंपनी हा खर्च हजारो गाड्यांवर वाटून टाकते, तुमच्याकडे वाटायला गाडी एकच. धडकेची टेस्ट करायची म्हणजे एक गाडी भिंतीवर आपटावी लागते, आता एकच गाडी आणलेल्या माणसाने काय आपटायचं!

"अहो पण ती बातमी वाचली होती की २५०० गाड्या होमोलोगेशनशिवाय आणता येतात." बरोबर, २०१८ चा नियम आहे तो, वर्षाला २५०० पर्यंत, परदेशातल्या मान्य स्टँडर्डप्रमाणे पास झालेल्या. पण तो कंपन्यांसाठी आहे, किंवा कंपनीने नेमलेल्या अधिकृत प्रतिनिधीसाठी. टी-रॉक, ऑक्टेव्हिया आरएस २४५ या गाड्या आपल्याकडे याच वाटेने आल्या होत्या. तुमच्या-माझ्यासाठी ही वाट नाही.

एका माणसाने एक गाडी आणायची तर होमोलोगेशनमधून सूट आहे ती मोठ्या गाड्यांना, म्हणजे किंमत ४० हजार डॉलर किंवा वर आणि इंजिन पेट्रोल ३००० सीसीच्या, डिझेल २५०० सीसीच्या वर. तिथे परदेशी संस्थेचं सर्टिफिकेट चालतं. वरची रेघ आठवा. ज्या गाडीला सूट आहे ती नेमकी ११० टक्केवाली आहे! पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला होमोलोगेशन आडवं येतं, आणि ज्याला वाचवायचेच नाहीत तो आरामात आत जातो. हे कुणी मुद्दाम ठरवून केलं का ते सोडा, पण आपल्या रस्त्यांवर फेरारी खाजगी इंपोर्ट दिसते आणि साधी होंडा फिट दिसत नाही, त्यामागे हेच आहे.

"मित्राच्या नावावर घेऊ, पंधरा दिवस चालवू, मग जुनी म्हणून आणू"

ही आयडिया प्रत्येकाला सुचते आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. इंपोर्टच्या नियमात नवी गाडी म्हणजे आधी कुणाला विकलेली नाही, भाड्याने दिलेली नाही आणि कुठल्याच देशात रजिस्टर झालेली नाही अशी. लंडनच्या मित्राने स्वतःच्या नावावर नंबरप्लेट घेतली की ती जुनी झाली. आणि जुनी झाली म्हणून स्वस्त नाही होत, उलट महाग होते, कारण जुन्या गाडीवर ड्युटी आणि सेस मिळून १३७.५ टक्के. त्यावर परत ४० टक्के जीएसटी. १० लाखांची जुनी गाडी ३३ लाखांच्या वर जाते. वर अटी अजून कडक: तीन वर्षांपेक्षा जुनी नको, पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालेल असं सर्टिफिकेट पाहिजे, उतरवायची फक्त मुंबईच्या बंदरात.

भारतात बनून परदेशात गेलेली गाडी परत आणायची असंही काहींच्या डोक्यात येतं. "नव्या इंपोर्टेड गाडी"च्या व्याख्येत पहिलीच अट आहे की ती भारतात बनलेली नसावी. लिहिणाऱ्याने विचार केला होता म्हणायचा.

"मी कायमचा परत येतोय, माझी गाडी सामानात येईल की"

परत येणाऱ्यांना घरगुती सामानावर सवलत असते हे खरं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन याचा विचार होतो. पण मोटारगाडी बॅगेज नियमात बसतच नाही, तिला पूर्ण ड्युटी. अमेरिकेतून येणाऱ्याची तर स्टिअरिंगपाशीच गाडी अडते. त्यामुळे न्यू जर्सीतून परत येणाऱ्यांनी गाडी तिकडेच विकून यावं, भावनिक गुंतवणूक कितीही असो.

मग लंडनहून मुंबईला स्वतःची गाडी चालवत आलेले लोक दिसतात ते कसे येतात? ती आयात नसते. कार्ने नावाचं एक कागदपत्र असतं, गाडीचा पासपोर्ट म्हणा, तिकडच्या ऑटोमोबाईल असोसिएशनकडून घ्यायचं, त्यासाठी गॅरंटी म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवायची, आणि ठराविक मुदतीत गाडी देशाबाहेर परत न्यायची. नाही नेली तर ड्युटी त्या गॅरंटीतून वसूल. फिरायला छान, ठेवून घ्यायला उपयोग शून्य.

"मोठ्यांना माफ होतं की, सचिनला नव्हतं का झालं?"

झालं होतं, आणि पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, फॉर्म्युला वन रेसर शूमाकरच्या हातून. भारतात आणताना ड्युटी होत होती सुमारे १.१३ कोटी. सरकारने २००३ मध्ये ती माफ केली, केवढा गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि शेवटी ते पैसे फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियाट कंपनीने भरले. म्हणजे सचिन तेंडुलकरची गाडीसुद्धा शेवटी ड्युटी भरूनच आली. आपण कोण!

पळवाटा काढणारे असतातच. २०२१ मध्ये डीआरआयने एक रॅकेट उघडं केलं, परदेशी वकिलातीतल्या लोकांना ड्युटी लागत नाही म्हणून त्यांच्या नावावर आलिशान गाड्या आणून परस्पर विकत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ऑपरेशन नुमखोर केलं, भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांचं, त्यात सिनेमातल्या नटांच्या घरीसुद्धा झडती झाली आणि पहिल्या फटक्यात तीसच्या वर गाड्या जप्त झाल्या. स्वस्तात गाडी मिळाली असं सांगणाऱ्याकडे जरा या नजरेने बघा.

एवढी ड्युटी लावतात तरी का?

रागावून "लूट आहे" म्हणणं सोपं आहे, आणि टॅक्सवर टॅक्स लावण्याबद्दल मीही तेच म्हणेन. पण ड्युटीचा हेतू उघड आहे: गाडी बाहेरून बनून आणू नका, इथे येऊन बनवा. तीच गाडी सुट्या भागांत आणून इथे जोडली तर ड्युटी एकदम १५ टक्क्यांवर येते, इंजिन-गिअरबॉक्स आधीच जोडून आणलं तर ३५. म्हणून मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला. चाकण पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी कामाला आहे त्यांना हा हेतू वेगळा समजवायला नको.

याने ग्राहकाचं किती वाचतं ते बघायचं तर रेंज रोव्हर बघा. २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात जोडायला सुरुवात झाली आणि किमती १८ ते २२ टक्क्यांनी खाली आल्या. काही मॉडेलवर हा फरक एका फ्लॅटएवढा होता. कुणी लंडनहून मागवून एवढे वाचवले असते का?

करार झाले, आता तरी?

ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, युरोपचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. दोन्हींत गाड्यांची ड्युटी काही वर्षांत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांकडे जाणार आहे. पण दोन्हींत कोटा आहे. युरोपचा वर्षाला अडीच लाख गाड्यांचा. कोट्यातल्या गाडीला कमी ड्युटी, बाहेरच्या गाडीला तेवढी कमी नाही. आणि गाडी नुसती युरोपातून पाठवलेली असून भागत नाही, ती तिथे बनलेली आहे याचा पुरावा आणणाऱ्याने दाखवायचा असतो. कोटा आणि पुराव्याची ही कागदपत्रं कंपन्यांचं रोजचं काम आहे, आयर्लंडच्या डीलरकडून एक गाडी उचलणाऱ्याचं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांना तर सवलत उशिरा आहे, पहिली काही वर्षं इथल्या कंपन्यांना सावरायला दिलीत.

शिवाय ड्युटी १० झाली तरी जीएसटीचे ४० आहेत तिथेच आहेत, करारांचा त्याच्याशी संबंध नाही. वरचीच जपानी गाडी १० टक्क्यांनी आली असं समजून बघा: २७ लाखांचे २९.७, त्यावर ४० टक्के, ४१.५८ लाख. ६४ पेक्षा कितीतरी बरं. पण एवढी ड्युटी उतरली तर कंपनी तीच गाडी तिच्या घाऊक किमतीवर टॅक्स भरून तुमच्याआधी शोरूममध्ये उभी करेल, तुमच्यापेक्षा कमी किमतीला. मार्केट यार्डवाला इथेही जिंकतो. स्वस्त गाडी पाहिजे असेल तर करारांची वाट जरूर बघा, बंदराची नको.

मग खाजगी इंपोर्ट करतं कोण?

ज्यांना इथे विकलंच जात नाही असं काहीतरी पाहिजे असतं आणि त्यासाठी तिप्पट द्यायची तयारी असते ते. त्यात काही वाईट नाही, हौसेला मोल नसतं. फक्त त्या गाडीचा एक काचेचा आरसा फुटला तरी तो परदेशातून येईपर्यंत गाडी झाकून ठेवायची, इन्शुरन्स कंपनीला किंमत पटवून द्यायची, सॉफ्टवेअर अपडेट इथल्या सर्व्हिस सेंटरला करता येत नाही हे ऐकून घ्यायचं, याची तयारी पाहिजे.

आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला अशी गाडी येते ती दहा वर्षांनी, सेकंडहँड, "इंपोर्टेड पीस आहे साहेब" म्हणून. ती घेताना आरसीबरोबर बिल ऑफ एंट्री मागा, म्हणजे गाडी कुठल्या बंदरात कधी उतरली आणि ड्युटी किती भरली त्याचा कस्टम्सचा कागद. त्यावरचा चासी नंबर गाडीवर जाऊन स्वतः ताडून बघा. ड्युटी चुकवून आलेली गाडी तुमच्या दारातून जप्त होऊ शकते, तुम्ही तिसरे मालक असलात तरी. एजंट म्हणाला की कागद दिल्लीला आहे, पुढच्या आठवड्यात येईल, तर पैसेही पुढच्या आठवड्यातच द्या.